आमचीं पाळीव झुरळें

झुरळ दिसलें कीं पायांतली चप्पल हातांत घ्यावयाची, हा आमच्या घरांतील तीस वर्षांचा शिरस्ता. त्यामुळें दोन वर्षांपूर्वीं चिरंजिवाच्या नांवें कुरियरनें एक भोंकें पाडलेलें खोकें देऊळगांव राजास येऊन पोहोंचलें, आणि त्यांत शंभर झुरळें असून त्यांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत असें कळलें, तेव्हां आम्ही कांहीं वेळ नुसते त्या खोक्याकडे पाहत बसलों. पैसे देऊन झुरळें विकत आणणारा आमच्या कुळांत हाच पहिला.

मूळ कारण एक सरडा. चिरंजीव पुण्यास नोकरीला असतांना त्यानें तो पाळला, आणि पुढें घरूनच काम करण्याची सोय झाल्यावर तो सरड्यासह इकडे आला. सरड्याची धांव कुंपणापर्यंत असें आपण म्हणतों. याचे पूर्वज ऑस्ट्रेलियाचे. तो देश आपले वन्य प्राणी व्यापारासाठीं बाहेर जाऊं देत नाहीं. तेव्हां हा परमुलखांत, पिंजऱ्यांतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या वंशांतला. रागावला म्हणजे गळ्याखालची कांटेरी कातडी काळी करून फुगवितो, म्हणून त्याला दाढीवाला ड्रॅगन म्हणतात. आमचा पहिला प्रश्न अर्थातच कायद्याचा होता. आपल्याकडची घोरपड घरांत ठेवाल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तुरुंग दाखवील, हें आम्हांस ठाऊक होतें. परदेशी प्राण्यांचे नियम निराळे, आणि ते चिरंजिवाला आमच्यापेक्षां अधिक पाठ होते. सरडा कोंवळा होता. कोंवळ्या वयांत त्याला पाल्यापेक्षां किडे अधिक लागतात, आणि ते रोज विकत कोठून आणणार? म्हणून झुरळें घरींच वाढवावयाचीं ठरलीं. ठरलीं म्हणजे त्यानें ठरविलीं.

या झुरळाचें शास्त्रीय नांव ब्लॅप्टिका डुबिया. लॅटिनमध्यें ‘डुबिया’ म्हणजे संशयास्पद. जन्मभर इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या आम्हांस एवढें तरी समजलें. तें मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. आपल्या मोरींतल्या झुरळासारखें तें भिंतीवर चढत नाहीं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचे पाय टिकत नाहींत, म्हणून उंच डब्याला झांकण नसलें तरी चालतें. (झांकण होतेंच. सौभाग्यवतींच्या अटींतलें तें पहिलें कलम होतें.) नराला पंख पूर्ण, मादीला नुसते खुंट, आणि पंख असून नरहि धड उडत नाहीं, वरून पडतांना फडफडतो इतकेंच. अंड्यांचे कागदी ट्रे डब्यांत उभे रचले, गव्हाचा कोंडा आणि गाजराचे तुकडे टाकले, अंधार आणि तीस-बत्तीस अंशांची ऊब दिली, कीं संसार सुरू. मादी अंडीं बाहेर टाकीत नाहीं. तीं पोटांतच बाळगते आणि दोन-एक महिन्यांनीं वीस-तीस जिवंत पिलें देते. पिलू वयांत यावयास आणखी चार-सहा महिने. म्हणून सुरुवातीला कित्येक महिने त्या डब्यांतलें एकहि झुरळ सरड्यास द्यावयाचें नाहीं, असा चिरंजिवाचा नियम. मुद्दलाला हात न लावतां व्याजावर जगावयाचें, हें आमच्या पिढीला पटणारें! पैशाच्या बाबतींत हाच उपदेश आम्ही त्याला दहा वर्षें करीत होतों.

किळस मात्र जाईना. पण किळस ही मोठी पक्षपाती वृत्ति आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शेतांत तुती लावून रेशमाचे किडे पाळले आहेत. पांढऱ्या लिबलिबीत अळ्यांनीं भरलेले ते मांचे आम्हांस त्यानें अभिमानानें दाखविले. हजारों तोंडें पाला कुरतडतात तेव्हां पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. ते कोष तो जालन्याच्या बाजारांत विकतो, आणि पुढें ते आंतल्या जिवासकट उकळत्या पाण्यांत पडतात. सौभाग्यवतींनीं तेथें अळी तळहातावर घेऊन पाहिली होती. पैठणीचा आणि अळीचा संबंध जुळला कीं किळस उरत नाहीं. झुरळाचा संबंध आपण मोरीशीं जोडून ठेवला आहे.

हा युक्तिवाद आम्ही घरांत मोठ्या ऐटींत मांडला, आणि महिन्याभरांतच तो आमच्याच अंगावर आला. बालाजीच्या यात्रेचे पाहुणे परत गेल्यावर सौभाग्यवतींना रात्रीं खोकला सुरू झाला. मग छातींत शिट्टी वाजूं लागली. डॉक्टरांनीं तपासून विचारलें, “घरांत झुरळें फार आहेत का?” आम्ही दोघेंहि गप्प. दोनशें आहेत, तींहि मोजलेलीं, हें कोण सांगणार? शेवटीं सांगितलें. झुरळांची विष्ठा, गळलेलीं कातडीं, लाळ यांची धूळ दम्याला चेतविते हें डॉक्टरांनीं समजावलें. दर रविवारीं चिरंजीव जिन्याखालीं बसून तीच धूळ चाळणीनें चाळीत असे.

त्या रात्रीं त्याच्या खोलींतला दिवा मालवला नाहीं. सकाळीं तो म्हणाला, “बाबा, मी सगळें विकून टाकतों. सरडाहि.” त्याच्या चेहऱ्याकडे आम्हांस पाहवेना. लहानपणीं त्याचें कुत्रें आम्हीं परीक्षेच्या पायीं दुसऱ्याला देऊन टाकलें होतें. तेव्हांपासून त्यानें आमच्यापाशीं कांहीं मागितलें नव्हतें. आम्ही बोलण्यापूर्वींच आंतून आवाज आला, “मागचा गोठा रिकामाच आहे ना? आणि तो चाळणीचा उद्योग तुम्ही करा, त्याला कामें आहेत.” ‘तुम्ही’ म्हणजे आम्ही.

डबा गोठ्यांत गेला. नाकातोंडाला उपरणें बांधून आम्ही रविवारीं चाळणी धरतों, कपडे बाहेरच भिजत टाकून घरांत येतों. छातींतली शिट्टी हळूहळू थांबली. औषधाचा पंप मात्र उशाशीं असतो. सरडाहि आतां मोठा झाला आहे, आणि शेवग्याच्या पाल्यावर निम्मे दिवस काढतो.

गेल्या पौषांत एका रात्रीं वीज गेली ती पहांटेपर्यंत आली नाहीं. चिरंजीव कामासाठीं पुण्यास गेला होता. ऊब देणारी गादी थंड. गोठ्यांत हात गारठत होते. आम्हीं चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलें, बाटल्या जुन्या गोधडींत गुंडाळून डब्याभोंवतीं लावल्या, आणि दर दोन तासांनीं त्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला विजेरी धरून ट्रे हळूच उचलला, तों एका मादीच्या मागें तांदळाच्या कण्यांसारखें पांढरें कांहीं हलतांना दिसलें. पिलें नुकतींच जन्मलेलीं पांढरीं असतात, मग कांहीं तासांत काळवंडतात, हें आम्हीं ऐकलें होतें, पाहिलें नव्हतें. पहांटेचे चार वाजले होते, तरी चिरंजिवाला फोन लावला. “किती आहेत, बाबा?” एवढेंच त्यानें झोंपेंत विचारलें. आम्ही मोजूं लागलों. सौभाग्यवती शाल पांघरून, पदर नाकाला धरून, गोठ्याच्या दाराबाहेर उभ्या होत्या. आंत आल्या नाहींत, पण दुसरी विजेरी त्यांनीं तेथूनच डब्यावर धरली.

“सव्वीस,” आम्हीं सांगितलें.

“नीट मोजा,” दारांतून आवाज आला.