तंबोऱ्याचा सांधा सुटला तर

आज पीक-पाण्याचं नाही, पण विषय भोपळ्याचाच आहे, म्हणून या पानावर लिहितो.

आमच्या वसईच्या भजनी मंडळाचा जुना तंबोरा यंदा श्रावणाच्या तोंडावर भसभसायला लागला. सगळे म्हणाले, जवारी गेली. मी तबलीच्या कडेला अंगठा दाबून धरला आणि धाकट्या भावाला म्हटलं, छेड तार. भसभस बंद! म्हणजे दुखणं जवारीत नव्हतं, सांध्यात होतं. कडेला कागद सरकवून पाहिला, वीतभर लांबीत तो सरळ आत गेला.

तंबोऱ्याचा खालचा गोल म्हणजे वाळवलेला जाड सालीचा भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो खास वाद्यांसाठी पिकवतात. त्यावर तबली बसते ती लाकडाची, बहुतेक तुणीची. दोन्ही ओल पितात, पण सारखी नाही. लाकूड रेषेला आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लगेच ऑक्टोबरचं ऊन. ही सगळी ओढाताण सांध्यावर येते. त्यात सरस दमटपणात मऊ पडतो.

मंडळातली पोरं म्हणाली, "काका, दोन ट्यूबांचा गोंद भरू, जन्मात सुटणार नाही." मी नको म्हटलं. कुठंतरी काहीतरी सुटायलाच हवं. सरस सुटला तर परत लागतो. सांधा दगडासारखा केला तर पुढच्या वर्षी तबलीच तडकेल, आणि मग कारागिरालाही ती उघडता येणार नाही.

केलं ते असं. आधी चारही तारा ढिल्या केल्या. कोमट पाण्यात कापड पिळून जुना सरस पुसून काढला. फट दोन दिवस सावलीत सुकू दिली, उन्हात नाही. सरसाचे खडे रात्रभर थंड पाण्यात भिजवले आणि सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवले. सरस उकळायचा नाही, त्याचा जोर जातो. साठ अंशांच्या आसपास पुरे. पातळ पट्टीनं तो फटीत सारला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळून आवळला. आंब्याचं कलम बांधतो ना, तसंच. घट्ट, पण साल चेपेल इतकं नाही. बाहेर आलेला सरस लगेच पुसला.

दोन दिवस हात लावला नाही. मग तारा थोड्या थोड्या चढवल्या, एकदम नाही. आता षड्ज स्वच्छ वाजतो.

तबलीलाच तडा असेल किंवा भोपळा फुटला असेल तर घरी खटपट करू नका, मिरज गाठा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते त्या मानात भोपळा पिकवणाऱ्याचाही वाटा आहे.

पावसाळ्यात तंबोरा ओल्या भिंतीला टेकवू नका, चुलीजवळही नको. वाजवायचा नसेल तेव्हा तारा उतरवून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी वाद्याचा भोपळा लावत असेल तर लागवड आणि वाळवण कशी करता ते खाली जरूर लिहा. आमच्या वाडीच्या जमिनीत तो जमेल का, हे मला बघायचंय.