पुरुषमाणूस आहे का घरात?

केशोरीच्या आमच्या पिढीला कोर्ट म्हटलं की आधी बेलीफच आठवतो. जिल्हा तेव्हा भंडारा; गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये. धुऱ्याचा नाहीतर वाटणीचा दावा लागला नाही असं घर शोधावं लागायचं. बेलीफ सायकल भिंतीला टेकवायचा आणि सपरीत बसलेल्या सगळ्या बायकांकडे बघून विचारायचा, "पुरुषमाणूस आहे का घरात?" मोठीआई मिरच्यांचे देठ खुडता खुडता सांगायची, "वावरात गेलेत जी." मोठेबाबा कधी खरंच वावरात असत, कधी धानाच्या ढोलीमागे.

बेलीफ उद्धट नव्हता, नियमच तसा होता. ज्याच्या नावाचं समन्स तो भेटला नाही, तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच ते द्यायचं. दिवाणी संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं बायकाही धरल्या गेल्या. फौजदारी समन्स बाईच्या हाती द्यायला मात्र १ जुलै २०२४ उजाडला. सही कोणाची चालते ते कायदा ठरवत होता. तारीख कोणी लक्षात ठेवायची ते आमच्या घरांत ठरलेलंच होतं. कॅलेंडरवर गोल करायची आई. पिशवीत सातबारा ठेवायची, एसटीसाठी पहाटे उठवायची मोठीआई.

कोणी सापडलंच नाही, तर नक्कल दारावर डकवली जाई. नुकतं वाचायला शिकलेली आम्ही पोरं ती मोठ्यानं वाचायचो: गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल... पाठीत धपाटा बसायचा, कारण अख्खा मोहल्ला ऐकायचा.

आता दाराचं काम फोन करतो. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी क्रेडिट कार्डाच्या वसुलीत व्हॉट्सॲपवरची नोटीस पोचली असं धरलं. निळ्या खुणांवरून पीडीएफ उघडल्याचंही दिसत होतं. कोविडमध्ये, जुलै २०२० ला, सर्वोच्च न्यायालयानं ईमेलच्या जोडीला व्हॉट्सॲपची मुभा दिली. पण हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही, असं त्याच न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. तिथे हजर न राहणाऱ्याला अटक होऊ शकते.

मला ही वाटणी पटते. ढोलीमागे लपणाऱ्याला फोनवर गाठावंच. मोठेबाबांनी त्या लपाछपीत दावा किती लांबवला, ते समोरच्यांना विचारा. पण आधी नंबर कोणाचा ते बघावं. आमच्याकडे बँकेत, सोसायटीत म्हाताऱ्यांच्या नावापुढे नागपूर-पुण्याच्या पोराचा नंबर असतो. निळ्या खुणा तिकडे उमटतात, वावर इकडे असतं.

परवा चुलतभावानं असाच एक कागद घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तारीख कधीची, हे विचारलं फक्त आईनं.