आधी विचारायचं, मग खायचं

मुंबईत मीनारा मशिदीजवळचा मालपुवा किंवा बोहरी मोहल्ल्यातलं हाताने फिरवलेल्या संच्यातलं आइस्क्रीम खाताना कुणाला काही विचारावं लागत नाही. वांद्र्याच्या चकचकीत चॉकलेटवाल्यांकडे मात्र मी आधी विचारते: जिलेटिन आहे का? रम? लेक कानाशी कुजबुजते, "अम्मी, हळू ना!"

पाकिटावर हिरवा ठिपका असला की जिलेटिनची चिंता मिटते; दारूबद्दल तो ठिपका गप्पच. तिरामिसूत तर ती बऱ्याचदा असतेच. जैन बायका अंड्याचं विचारतातच की, मग मीच का लाजू? शिवाय चॉकलेट मला मनापासून आवडतं, कडू काळं तर फारच.

परवा लेक मैत्रिणींसोबत होती. काउंटरवर तिनेच विचारलं. मोठ्याने.