मामांची बॅट आणि तिची किंमत

मराठी घरात विमा म्हटलं की एलआयसी. फार तर गाडीचा, कारण तो सक्तीचा असतो, आणि आमच्यासारख्या आयटीवाल्यांना कंपनीने दिलेला मेडिक्लेम. घरातल्या सामानाचा विमा काढलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. त्यामुळे मामांनी मला "अरे, बॅटीचा विमा काढता येतो का, बघ जरा नेटवर" असं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं.

पण ही बॅट साधी नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि मग २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला ४ गडी राखून हरवलं. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले होते, हे मामा आजही झोपेतून उठवलं तरी सांगतात. त्या दौऱ्यावरच्या संघाच्या सह्या या बॅटवर आहेत. वाडेकर स्टेट बँकेत होते आणि मामाही स्टेट बँकेतच. मामांच्या एका साहेबांकडे ही बॅट आली होती. १९७२ मध्ये बदली होऊन जाताना त्यांनी ती मामांना दिली, सोबत चार ओळींचं पत्रही.

तेव्हापासून ती दादरच्या घरात आहे. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा मामांनी आधी बॅट माळ्यावर टाकली आणि मग मामीचा मिक्सर. हा क्रम मामी अजून विसरलेली नाही :-)

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. म्हणजे निदान तीन वर्षं भाड्याचं घर, दोनदा सामान हलवणं, पॅकर्स-मूव्हर्सची पोरं. मामांची भीती अनाठायी नव्हती. मी कामाला लागलो.

पहिला फोन एका विमा एजंटला. तो म्हणाला, "सर, बॅट ना? घरातल्या सामानात धरून टाकू." मी सह्यांचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, "सोन्याचं काही असेल तर सांगा, ते सोपं पडेल." त्याचं चूक नव्हतं. सोन्याचे व्हॅल्युअर गल्लोगल्ली मिळतात. बॅटीचा कुठून आणायचा?

मग पॉलिसीचे नियम स्वतःच वाचून काढले. (डॉक्युमेंटेशन वाचायची सवय अशी कधीतरी कामी येते.) १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. ती नुसत्या सामानासाठीही घेता येते, म्हणजे भाडेकरूलाही चालते. दागिने, चित्रं, दुर्मिळ वस्तू यांच्यासाठी तिच्यात वेगळं ऐच्छिक कव्हर आहे. त्यात किंमत आधीच ठरवून घेतात. तुम्ही व्हॅल्युएशन सर्टिफिकेट द्यायचं, कंपनीने ते मान्य करायचं आणि वस्तू पूर्ण गेली तर तीच रक्कम. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर सर्टिफिकेटही लागत नाही.

आता गंमत बघा. या पॉलिसीत आग, पूर वगैरे आहे, पण चोरी? आग, पूर अशी एखादी घटना घडली आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. एरवी कुलूप फोडून नेलं तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेताना टेम्पोत काही झालं तर त्याचीही वेगळी सोय. 'घराचा विमा काढलाय' म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे एकदा वाचाच.

आता उरला किमतीचा प्रश्न. मामांचा मनातला आकडा होता १० लाख. त्याला कारण माझा मामेभाऊ. त्याने कुठेतरी वाचलं होतं की २०११ च्या वर्ल्ड कप फायनलमधली धोनीची बॅट लंडनमध्ये १ लाख पौंडांना गेली. बातमी खरी आहे. शेन वॉर्नची बॅगी ग्रीन कॅप २०२० मध्ये १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सच्या वर गेली, तेही खरं. पण हे दोन्ही लिलाव मदतीसाठी होते. वॉर्नच्या कॅपचे पैसे ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीला गेले. तिथे माणूस वस्तूची किंमत देत नाही, देणगी देतो. आणि धोनीची बॅट मॅचमध्ये खेळलेली, मामांची फक्त सह्यांची. व्हॅल्युएशनला असे आकडे धरत नाहीत. तशाच वस्तू साध्या लिलावात कितीला गेल्या, ते बघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे खरेपणा तपासणं आणि किंमत ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. त्यांच्याकडे मदर तेरेसांची सही केलेला बेसबॉलसुद्धा होता! आणि अशा मालाबरोबर खरेपणाची सर्टिफिकेटंही फिरत होती. म्हणजे नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याची साखळी लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर 'गिट लॉग' लागतो. मधल्या कमिट्स गायब असतील तर कोडवर विश्वास कोण ठेवणार?

ओळखीतून ओळख काढत शेवटी एक गृहस्थ सापडले. लिलावांच्या धंद्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी आधीच सांगितलं, फी ठरलेली, किमतीच्या टक्क्यांत नाही. हे चांगलं लक्षण. टक्क्यांत फी घेणाऱ्याला किंमत फुगवण्यातच फायदा असतो.

ते आले, भिंग काढलं आणि तासभर बॅट बघत बसले. सह्या छापील नाहीत ना, हे आधी बघितलं, कारण छापील सह्यांच्या बॅटीही भरपूर निघतात. मग शाई किती उडाली आहे ते. बॅट भिंतीवर उन्हात टांगली नव्हती, हे नशीब. जवसाचं तेल लावलंय का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामीने मामांकडे बघितलं. एकदा मामांनी बॅटीला तेल द्यायला घेतलं होतं, मामीने ओरडून थांबवलं. तरी एका कोपऱ्यातली सही पसरलीच.

मग एका सहीवर ते अडकले. शाई वेगळी होती. मामा शांतपणे म्हणाले, "ती नंतरची आहे. त्यांची राहिली होती. मी दहा-बारा वर्षांनी शिवाजी पार्कवर गाठून घेतली." ते गृहस्थ म्हणाले, "सगळ्या सह्या त्याच वेळच्या असत्या तर किंमत जास्त आली असती. शाईवरून सगळ्यांनाच कळेल असं नाही." मामेभावाने मामांकडे बघितलं, मी चहाच्या कपाकडे. मामा म्हणाले, "नाही. जे आहे ते लिहा. त्या सहीसाठी मी तीन रविवार उन्हात उभा होतो, ती १९७१ ची म्हणून कशी लिहू?"

रिपोर्ट आला. किंमत ८० हजार.

मामेभावाचा चेहरा पडला. मामा मात्र "ठीक आहे" म्हणाले आणि रिपोर्टमधलं स्वतःच्या हकिकतीचं पान दोनदा वाचलं. १ लाखाच्या आतली किंमत, म्हणजे नियमाप्रमाणे सर्टिफिकेटची गरजच नव्हती. मग फी वाया गेली का? मला नाही वाटत. उद्या काही झालं तर बॅट होती, अशी होती आणि तिच्यावर कोणाच्या सह्या होत्या, हे दाखवायला कागद हवाच. प्रत्येक सहीचा जवळून फोटो, बॅटीच्या दोन्ही बाजू, तारीख, मोजमाप, सगळं त्यात आहे.

एक गोष्ट मात्र विम्यात बसली नाही, ती म्हणजे साहेबांचं पत्र. वेगळं नमूद केलं नसेल तर 'कोणत्याही प्रकारची कागदपत्रं' या पॉलिसीतून वगळलेली असतात. म्हणजे ज्या चार ओळींमुळे बॅटीला किंमत आहे, त्या ओळींनाच संरक्षण नाही. पत्र स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलं आणि मूळ प्रत लॉकरमध्ये. मामांना विचारलं, बॅटही लॉकरमध्ये ठेवायची का? म्हणाले, "मग बघणार कोण?"

असो. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेलच. आजोबांची कुस्तीची गदा, आत्याचं खो-खोचं मेडल, काहीही. विमा काढा किंवा नका काढू. पण ती कुठून आली हे सांगणारी माणसं आहेत तोवर एका रविवारी बसून लिहून घ्या आणि खाली तारीख टाका.