आरसी बुकातलं पहिलं नाव

मोटारसायकल विकून हळहळणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो मॉडेल सांगायच्या आधी गाडीचा नंबर सांगतो. पंचवीस-तीस वर्षं झालेली असतात, आत्ताच्या गाडीचा नंबर विचारला तर मोबाइलमध्ये फोटो शोधावा लागतो, पण त्या विकलेल्या गाडीचे चार आकडे तोंडपाठ असतात. मारुती आठशे विकलेल्या कुणाला मी असं बोलताना ऐकलेलं नाही. ती गेली, दुसरी आली, विषय संपला.

आमच्या कोल्हापुरात अशी माणसं पैशाला पासरी. एका मित्राने येझदी रोडकिंग विकली, कारण म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि पुढे पार्ट मिळणार नाहीत असं त्याला कुणीतरी सांगितलं. तिचा किक आणि गिअर एकाच दांड्यावर होते, हे तो आजही नवीन माणसाला हाताने करून दाखवतो. दुसऱ्याने जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट विकली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आता नवी बुलेट घेतली आहे, पण म्हणतो, ‘ती मला ओळखत न्हाई.’ तिसऱ्याच्या वडिलांकडे राजदूत साडेतीनशे होती. १९८३ मध्ये आलेली ही दोन सिलिंडरची गाडी पेट्रोल इतकं प्यायची, की लोकांनी शेवटी मिळेल त्या भावाला फुंकली. आज तिच्या नुसत्या सायलेन्सरच्या जोडीसाठी माणसं गावोगाव हिंडतात.

सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: ‘काय अवदसा आठवली आणि विकली!’

मी त्यांना नेहमी एक प्रश्न विचारतो. आलेल्या पैशाचं काय केलं? इथे गप्पा थोड्या अडखळतात. कारण गाडीची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेकांनी गाळलेला असतो. घरभाड्याचं डिपॉझिट, बहिणीचं लग्न, पोराची इंजिनिअरिंगची फी. येझदीवाल्याला आठवायला बराच वेळ लागला, मग म्हणाला, ‘अरे हां, त्यात आईचे दात बसवले.’ गाडीचं सगळं आठवतं आणि दातांचं विसरायला होतं, याची मला गंमत वाटते. थोडा रागही येतो.

मी स्वतः या जमातीतला नाही. मी दुसऱ्या बाजूचा. माझ्याकडे अशी एक गाडी आहे, जी दुसऱ्या कुणीतरी विकलेली आहे.

यामाहा आरएक्स १००. मोरपंखी निळी, नोंदणी १९९१ ची, नंबर एमएच ०९ मधला. मी ती २००४ मध्ये एका ऑटो कन्सल्टंटकडून अकरा हजारांना घेतली. तेव्हा घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. त्याच पैशात थोडी भर घातली असती तर चांगली चालू स्थितीतली स्प्लेंडर आली असती.

ही गाडी लोकांनी का विकली, हे समजायला तिचं इंजिन समजून घ्यावं लागतं. आरएक्स १९८५ मध्ये आली, एस्कॉर्ट्स आणि यामाहाच्या भागीदारीतून. ५० मिलिमीटरचा बोअर, ५० चाच स्ट्रोक, म्हणजे ९८ सीसी. ताकद अकरा हॉर्सपॉवर, आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. म्हणून ॲक्सिलरेटर पिळला की गाडी हातातून निसटते की काय असं वाटायचं. पण त्याच इंजिनात एक खोट आहे. नवं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायचं दारही उघडंच असतं, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. शिवाय टूटी ऑइल जळतं ते वेगळंच. म्हणजे जी गोष्ट पोरांना वेड लावत होती, तीच खिशाला आणि हवेला भोक पाडत होती.

त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती, आणि ती खोटी नव्हती. लग्न होईपर्यंत आरएक्स आणि लग्नानंतर हिरो होंडा, असा एक अलिखित क्रमच पडून गेला. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. त्या वेळी फार कुणी रडल्याचं मला आठवत नाही. रडारड सुरू झाली ती पंधरा-वीस वर्षांनी, जेव्हा लग्न झालेल्या पोरांचे कर्जाचे हप्ते संपले. आता नीट राखलेल्या आरएक्सला लाखाच्या वर मागतात. मला रस्त्यात थांबवून विचारणारे महिन्याला एक-दोन तरी भेटतात. बहुतेकांना गाडी नको असते, एकदा किक मारून बघायची असते. मी मारू देतो.

तर या गाडीचा पहिला मालक.

मी घेतली तेव्हा आरसी बुक पुस्तकाच्या रूपात होतं. पुढे पासिंगच्या वेळी ते जमा करून स्मार्ट कार्ड मिळालं, पण मी आधी झेरॉक्स काढून ठेवली होती. त्यावर तीन नावं आहेत. पहिलं नाव शिरोळ तालुक्यातल्या एका गावातलं. १९९८ मध्ये ती दुसऱ्याच्या नावावर झाली, आणि त्याच्याकडून कन्सल्टंटमार्फत माझ्याकडे. दुसऱ्या मालकाने तिचे फार हाल केले होते. पहिल्याबद्दल मला एवढंच कळत होतं, की त्याने स्पेअर चावी लाल दोऱ्यात ओवून सांभाळली होती आणि विकताना तीसुद्धा दिली होती.

शिवाजी उद्यमनगरात माझे एक मिस्त्री आहेत. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि बोअरिंगच्या दुकानांची वस्ती. ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टरपर्यंत तिथे दुरुस्त होत नाही अशी वस्तू नाही. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींचा फोन आला. म्हणाले, ‘तुमच्या गाडीची चौकशी करत एक जोडपं आलंय. नंबर सांगितला त्यांनी. तुमचा पत्ता देऊ का?’

मला वाटलं, आला आणखी एक. किंमत वाढलेली ऐकून जाग आली असेल.

रविवारी सकाळी ते आले. दादा साठीच्या आसपासचे, पांढरा पायजमा-शर्ट, डावा गुडघा वाकवताना त्रास होत होता. वहिनींच्या हातात कापडी पिशवी, आत शेंगा आणि वांगी. गाडी मी आधीच अंगणात काढून ठेवली होती. दादा लांबच उभे राहिले. पुढे झाल्या त्या वहिनी. त्यांनी नंबर प्लेट वाचली, मागच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘हीच ती.’

पाणी, चहा झाला. बोलणं वहिनींनीच काढलं. ‘भाऊ, ही गाडी माज्यापायी गेली. माझं मिरजेला ऑपरेशन झालं तवा. ऊसबिल यायला दोन म्हैने होतं, आन् डॉक्टर थांबाय तयार न्हवतं. ह्यांनी सकाळी गाडी न्हेली ती संध्याकाळी चालत आले.’

‘यष्टीनं आलो,’ दादा म्हणाले. ‘चालत न्हाई. ही प्रत्येक बारी चालत सांगती.’

चौदा हजार आले होते. ऑपरेशनला आणखी लागले, ते कुठून कुठून उभे केले. पण पहिल्या दिवशी भरायचे पैसे गाडीचे होते. पुढची पंचवीस वर्षं दादांनी गाडीचं नाव काढलं नाही. सायकल होती, मग पोराची गाडी आली. वहिनी मात्र नंबर विसरल्या नव्हत्या. कोल्हापूरला, इचलकरंजीला, जोतिबाला, जिथे जातील तिथे निळी आरएक्स दिसली की नंबर बघायचा. शेवटी भाच्याने मोबाइलवर कुठलीशी खटपट केली आणि गाडी अजून कागदोपत्री जिवंत आहे, कोल्हापुरातच आहे, एवढं त्यांना कळलं. मग त्यांनी उद्यमनगर धरलं. जुनी गाडी जिवंत आहे म्हणजे ती तिथे कुणाच्या तरी हाताखालून जात असणार, हा तर्क त्यांचा. मला तो पोलिसांच्या वरचा वाटला.

‘बचत गटाचं आन् दुधाचं मिळून साठ हजार हाईत,’ त्या म्हणाल्या. ‘कमी पडत्यात हे ठावं हाय. ऱ्हायलेलं दिवाळीपत्तुर देतो.’

मी दादांकडे बघितलं. ते अंगणातल्या नळाकडे बघत होते.

मी त्यांना आधी गाडीचं खरं काय ते सांगितलं. सांगणं भाग होतं. सिलिंडर तीनदा रिबोअर झाला, पाव, अर्धा, पाऊण करत ओव्हरसाइझ पिस्टन संपत आले, मग स्लीव्ह बसवली. सायलेन्सर आतला कार्बन जाळून जाळून विरला, तो बदलला. टाकी आतून गंजली होती, ती दुसरी घातली. क्लच, चेन, दोन्ही चाकांचे ड्रम, वायरिंग, सीट, आरसे, सगळं केव्हा ना केव्हा बदललं गेलं. जुनं राहिलंय ते म्हणजे चासी, इंजिनाचं केसिंग आणि त्यावर कोरलेले नंबर. हे सांगताना मला एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना समोर बसवून सांगावं तसं वाटत होतं, आणि समोर मिरजेहून परत आलेली बाई बसली होती, हे ध्यानात आल्यावर मी मधेच थांबलो.

‘मग काय झालं,’ वहिनी म्हणाल्या. ‘मला बी आतनं बदललंया की.’

दादा पहिल्यांदाच हसले. मग उठून गाडीपाशी गेले. टाकीवर उजव्या बाजूला बोट फिरवून म्हणाले, ‘हितं उसाच्या गाडीचा ओरखडा पायजे. ही टाकी माझी न्हवं.’ जुनी टाकी माळ्यावर होती, ती मी काढून आणली. ओरखडा होता. चार बोटं लांब, आत गंज धरलेला. त्यांनी तो बघितला, मान हलवली आणि टाकी परत माझ्या हातात दिली.

‘किक मारा की,’ मी म्हणालो.

त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. आरएक्सला सेल्फ नाही. किक हाच एक मार्ग. वहिनींच्या ध्यानात हे आलेलंच नव्हतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पंचवीस वर्षं त्या ज्या माणसासाठी गाडी शोधत होत्या, तो पस्तिशीतला होता.

मी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. दादा डोळे मिटून ऐकत राहिले, मग म्हणाले, ‘आवाज थोडा बसलाय. पर बरी हाय.’ मी त्यांना मागे बसवून रंकाळ्यापर्यंत नेऊन आणलं. जाताना ते काही बोलले नाहीत. येताना एवढंच म्हणाले, ‘हिला सांगा, देणार न्हाई म्हणून. मला इकल्याचं कायबी वाटत न्हाई. मी तवाबी गाडी इकून दवाखान्यात गेलो तवा हलकाच झालो हुतो. तिच्या डोक्यातनं मात्र जात न्हाई. पैसं म्हशीला लागत्यात.’

आता मी कुणाचं ऐकायचं? गाडी द्यायला माझी ना नव्हती, खोटं कशाला बोलू, पण फार मनातून हो सुद्धा नव्हतं. वीस वर्षं तिला मीही वाढवलंय. आणि दादांच्या दारात ती उभी राहिली असती, तर रोज सकाळी वहिनींना ती दिसली असती आणि दादांना आपला गुडघा. पण हे मी वहिनींना सांगणारा कोण? त्यांचे साठ हजार दुधाचे होते. माझे अकरा हजार तर पगाराचे.

घरी परतल्यावर मी दादांनी सांगितलं ते सांगितलं नाही. म्हटलं, वहिनी, गाडी तुमचीच, पण चालवणार कोण?

त्या जराशा गप्प बसल्या. मग पिशवीतून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या, त्यातून पाचशे मोजून वेगळे केले, त्यावर कनवटीचा एक रुपया ठेवला आणि टीपॉयवर माझ्यासमोर सरकवले. ‘हा इसार. नातू तेराचा हाय. अठराचा झाला की लायसन काढून घिऊन येतो. तवर कुणाला देऊ नगा.’

‘अगं, आजकालची पोरं असली गाडी चालवत न्हाईत,’ दादा म्हणाले.

‘चालवंल. मी सांगतो त्याला.’

शेंगा आणि वांगी ठेवून ते यष्टीला गेले. इसार मी परत करायला बघितला, वहिनींनी हात मागे घेतला. व्यवहार म्हणून बघितलं तर मी तो घेतला आहे. त्यानंतर दोनदा चांगल्या किमतीला गिऱ्हाईक आलं, त्यातला एक पुण्याहून टेम्पो घेऊन आला होता. त्याला मी गाडीचा सौदा झालाय म्हणून सांगितलं. कितीला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, किंमत ठरायची आहे.

नातू आता पंधराचा आहे. दर दिवाळीला वहिनींचा फोन येतो, गाडी पावसात ठेवता का विचारतात. नोव्हेंबर २०२६ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे, त्याआधी मागचा टायर आणि साखळी बदलावी लागेल. मिस्त्रींना सांगून ठेवलंय. जुन्या टाकीचा गंज काढून आतून कोटिंग करता येतं म्हणे, तेही विचारलंय. ओरखड्याला मात्र हात लावायचा नाही, असं बजावून.