वडाला वळसा

पसरणीचा घाट निम्मा चढून झाला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. घाटात गाडी तापणं ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. पूर्वी एसटी तापायची, तेव्हा कंडक्टर डबडं घेऊन झऱ्यावर जायचा; आता आम्ही बिसलेरीच्या बाटल्या ओततो, एवढाच फरक. बायको लिंबू हुंगत कठड्याशी उभी राहिली, लेक माकडांना बघायला धावली. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. खिडकीची काच खाली करून म्हणाले, "काळोखाच्या आत तापोळ्याला पोचलं पाहिजे. कोयना बघायचीय."

अण्णांची चौतीस वर्षं वीज मंडळात गेली, तीही मीटरच्या हिशेबात. कोयना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना ती आकड्यांतून ठाऊक होती. पावसाळ्यात पेपर आला की इतर लोक राशिभविष्य वाचत आणि अण्णा धरणांची पातळी. "कोयना नव्वदवर गेली," असं ते सांगायचे ते घरातल्या कुणाचा ताप उतरल्यासारखं. पूर्ण भरलं की १०५ टीएमसी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे पुष्कळ उशिरा कळलं.

पाचगणीत थांबलो ते गाडी निववायला. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात हे गाव वसवलं आणि इथे परदेशी झाडं लावली. सुट्टीत वसतिगृहं रिकामी असतात आणि सिल्व्हर ओकच्या ओळी जणू हजेरी द्यायला उभ्या असतात. पारशी पॉइंटवरून खाली धोम धरणाचं पाणी दिसलं. लोक पाठमोरे होऊन फोटो काढत होते. अण्णांनी एक नजर टाकली. "हे कृष्णेचं," म्हणाले आणि गाडीकडे वळले.

महाबळेश्वरबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. सगळ्यांनीच ते पाहिलं आहे आणि मे महिन्यात सगळे एकाच दिवशी पाहतात. वेण्णा तलावाच्या काठाला आमची गाडी तास-दीड तास गोगलगाईसारखी सरकत होती. घोडे शेजारून पुढे जात होते आणि घोडेवाले आमच्याकडे दयेने बघत होते. लेकीने भाजलेलं कणीस खाल्लं, दुसरं मागितलं, तेही खाऊन झालं, तरी तलाव संपेना. हा तलावही बांधलेलाच. सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली तो बांधवला. सह्याद्रीच्या या माथ्यावर इतका पाऊस कोसळतो, पण उन्हाळ्यापर्यंत तो थांबत नाही, खाली पळून जातो. म्हणून कुणी तरी त्याला अडवावं लागतं. आपण ज्याला 'लेक' म्हणून बोट दाखवतो ते इथे बहुतेक वेळा धरण असतं, आणि धरणाला जन्मसाल असतं.

बाजारात वेताच्या काठ्या दिसल्या की मला नेहमी चिनी कैदी आठवतात. १८३० च्या दशकात इंग्रजांनी इथे तुरुंग केला, त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले. रस्त्यांच्या कामाला त्यांनाच जुंपलं, बटाटे आणि विलायती भाज्या त्यांनी पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. पॉइंटांना गव्हर्नरांची आणि साहेबांची नावं मिळाली. या माणसांच्या नावाचा पॉइंट मला कुठे आढळला नाही. असो. आम्ही एक काठी घेतली, अण्णांसाठी. त्यांनी ती डिकीत टाकली.

तापोळ्याचा रस्ता उतरू लागला तशी गर्दी गळत गेली. करवंदाच्या जाळ्या, द्रोण मांडून बसलेल्या पोरी, मुंबईहून जत्रेला आलेल्या माथाडींच्या गाड्या, टपांवर बांधलेल्या वळकट्या. पाहुणे हॉटेलवर उतरतात आणि हे घरी येतात, तेही याच रस्त्याने आणि याच पंधरा दिवसांत. पाणी एका वळणावर अचानक दिसलं. अण्णांनी गाडी थांबवायला लावली.

पाणी निळं होतं, पण आधी दिसला तो काठ. मे अखेरीचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरलेल्या ताटासारखा नसतो, जेवून उठलेल्या ताटासारखा असतो. हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी तांबड्या-पिवळ्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला आणि त्यावर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा. पाणी जिथे जिथे काही दिवस मुक्काम करून खाली सरकलं, तिथे तिथे एक रेघ. खालच्या बाजूला दगडी बांध सरळ पाण्यात उतरत होते. कुणाच्या तरी शेताचे बांध.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुण्या-मुंबईचे पंखे फिरतात ना, म्हणून हे खाली गेलंय." आम्ही उकाड्याला कंटाळून इथवर आलो होतो, त्याच उकाड्याने.

सकाळी लाँच ठरवली. लाँचवाला पन्नाशीचा, टॉवेल डोक्याला गुंडाळलेला. एका तराफ्यावरून वऱ्हाडाची जीप पलीकडे चालली होती. पाण्याच्या मधोमध सनईची कॅसेट, आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता. अण्णांनी बोट पाण्यात बुडवून लाँचच्या फळीवर लेकीला नकाशा काढून दाखवला. ही कोयना, सह्याद्रीला लागून दक्षिणेकडे जाते. इथे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला भेटते. त्या वळणाशी हे धरण. पण त्यातलं बरंच पाणी पुढे जात नाही, बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरतं, पलीकडे पोफळीला कोसळतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. "म्हणजे बंगालच्या उपसागराला निघालेलं पाणी आपण उलटं फिरवलं," अण्णा म्हणाले. आवाजात मंडळाचा अभिमान होता. फळीवरची नदी तोवर वाळून गेली होती.

लाँचवाला ऐकत होता. त्याच्या बोलण्यात सालं नव्हती. दोनच खुणा होत्या: 'पाणी आलं तवा' आणि 'भूकंप झाला तवा'. भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्याचे चुलते पाणी आलं तेव्हा सोलापूरकडे गेले, तिथे जमीन मिळाली. आजा डोंगराच्या वरच्या अंगाला सरकला. तो हे तक्रारीने सांगत नव्हता. कुणाला कुठल्या वाडीत दिलंय, हे सांगावं तसं सांगत होता.

मधेच त्याने सुकाणू वळवलं. समोर पाणी स्वच्छ होतं, होडी नव्हती, खडक नव्हता. लाँचने उगाचच मोठी अर्धी प्रदक्षिणा घातली आणि पुन्हा सरळ रेषेला लागली.

"काय चुकवलंत?" मी विचारलं.

"हितं खाली वड हाय," तो म्हणाला. "पारासकट. पाणी उतरलं की पंखा अडकतो."

लेक कठड्यावरून वाकली. खाली नुसता हिरवा अंधार. "अजून आहे?"

"ऱ्हायला आसंल, न्हाईतर कुजून गेला आसंल. म्या कुठं बगितलाय. बाप हितनं वळवायचा, म्या बी वळवतो."

अण्णांनी खिशातून डायरी काढली. पातळी लिहितील असं मला वाटलं. त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ कोऱ्या पानाकडे पाहिलं आणि डायरी तशीच मिटली.

पलीकडे चहा झाला, दोन प्लेट भजी झाली. ऊन चढल्यावर परत निघालो. लेक आता पुढच्या फळीवर बसली होती. मधोमध आल्यावर तिने मागे वळून लाँचवाल्याकडे पाहिलं आणि हात उजवीकडे केला.

"काका, वड."

त्याने सुकाणू फिरवलं.