एकेक पायरी



संसारात असा एक काळ येतो, की मागची वाट मोडते आणि पुढची दिसत नाही. घरधनी जातो, भावाभावांत वाटण्या होतात, हाताशी आलेला मुलगा शहराची वाट धरतो. अशा वेळी सल्ले पुष्कळ मिळतात, आधार मिळत नाही. तुमच्यापैकी कुणी आज अशा वळणावर उभं असेल, तर त्यांच्यासाठी हे चार शब्द.

माझे मालक गेले, तेव्हा वालूरच्या शिवारातली चार एकर जमीन बटईनं द्यावी की आपणच कसावी, हे मला उमगेना. आमच्या घरात पंढरीची वारी. पण त्या दिवसांत मला धीर दिला तो एका ख्रिस्ती बाईनं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तेव्हा माझ्या हाती आलं.

लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक मोठे कवी. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबल वाचायला दिलं. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनाला भिडलं. पुष्कळ विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला! काही दिवस त्यांनी पंढरपुरात काढले.

पुढं त्या नगरकडे टिळकांजवळ राहायला गेल्या, पण सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, ही जातपात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं मनानं उत्तर दिलं, आणि त्यांनी शिवाशीव टाकली. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई!

बघा, त्यांना काही आकाशवाणी झाली नाही. आधी नवऱ्याजवळ जाणं, मग शिवाशीव टाकणं, मग बाप्तिस्मा. पाच वर्षं लागली. आमच्या वालूरच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात. उतरणाऱ्यानं पायाखालची पायरी बघावी, पाणी आपोआप जवळ येतं. श्रद्धेचंही तसंच असावं.

मी एवढंच केलं. रोज पहाटे देवापुढं बसून एकच विचारायचं, आज काय करू? पहिल्या वर्षी दोन एकर बटईनं दिली, दोन एकरांत स्वतः सोयाबीन आणि तूर घेतली. कागदपत्रं, खतं, मजुरी, सारं शेजाऱ्यांना विचारून शिकले. तिसऱ्या वर्षी चारही एकर माझ्या हाती आली.

तुम्ही धर्म बदला, असं मी सांगत नाही. तुमचा देव तुमच्यापाशी आहे. पण निर्णय घाईनं घेऊ नका, आणि कुणाच्या दडपणाखाली तर मुळीच घेऊ नका. कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी चार रात्री जाऊ द्या. शांत मनानं विचारा, आणि जेवढं स्पष्ट दिसेल तेवढं आज करा. उद्याचं उद्या दिसेल.